अक्षर गेलं, लॉगिन आलं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी निघते: वजन, दर, हमाली, तोलाई. पट्ट्या हाताने लिहायचे तेव्हा कुणी लिहिली हे विचारावं लागत नसे. दिवाणजींचं अक्षर पेठेत सगळे ओळखायचे, आणि खाडाखोड लपत नसे. संगणक आला आणि ते अक्षर गेलं.

अडत दुकानांना सॉफ्टवेअर बसवून द्यायचं काम मी करतो. एका पेढीवर पट्टीतला दर १२,४०० चा १४,२०० झाला. कुणी केला? नोंदीत नाव एकच, ॲडमिन. तिघे जण त्याच पासवर्डवर बसत होते. संशय तिघांवर आला, आणि सर्वांत जुने दिवाणजी अपमान सहन न होऊन काम सोडून गेले. ते अजून मनातून जात नाही.

पासवर्ड मुळात संगणकाचा वेळ वाटून घेण्यासाठी आला. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एकच यंत्र अनेकांत वापरलं जाई, म्हणून प्रत्येकाला वेगळं खातं. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली.

डेटाबेस म्हणजे नोंदींचा साठा; त्यातले अधिकार नंतरचे. एडगर कॉड या संशोधकाने १९७० मध्ये नोंदी तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात उतरवताना आयबीएमच्या ग्रिफिथ्स आणि वेड यांनी १९७६ मध्ये ग्रँट आणि रिव्होकची, म्हणजे मुभा देण्याची आणि काढून घेण्याची, रीत सांगितली. तक्ता ज्याने केला तो दुसऱ्याला फक्त वाचायची किंवा बदलायचीही मुभा देतो, हवं तर पुढे देण्याचीही. मुभा काढून घेतली की तिच्या जोरावर पुढे दिलेल्या मुभाही गळून पडतात. मला ही फार शहाणी रीत वाटते. पण माणसं बदलतात, काम तेच राहतं, म्हणून १९९२ मध्ये फेरायोलो आणि कून यांनी अधिकार भूमिकेला जोडण्याची पद्धत मांडली: पट्टी करणारा, वसुली पाहणारा, मालक.

इतकं सगळं हाताशी असूनही एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचं मुख्य खातं, एसए, कित्येकांनी बिनपासवर्डचं ठेवलं. मे २००२ मध्ये एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, त्याच उघड्या दारातून पसरला.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे. मालकीच्या किंवा भागीदारीतल्या पेढीला हा नियम लागू नाही. तरी मी आता नव्या दुकानात पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या नावाचं लॉगिन करतो. पट्टी करणाऱ्याला झालेल्या पट्टीचा दर बदलता येत नाही. एसएचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून मालकांच्या तिजोरीत.