बाळाची लाइन टाकतात डॉक्टर, सांभाळतात सिस्टर

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, बाळाला सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी) टाकायची म्हटलं की घरचे घाबरतात आणि डॉक्टर कोण आहेत तेवढं विचारतात, पण पुढे ती लाइन असेल तितके दिवस सांभाळायची असते सिस्टरना. आणि गंमत म्हणजे ह्या नळीच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच एक सिस्टर आहे, तीही टेबलाला बांधलेली!

झालं असं, 1929 साली जर्मनीत एबर्सवाल्डला वर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरला हाताच्या शिरेतून थेट हृदयात नळी घालून बघायची होती, साहेबांनी नाही म्हटलेलं, आणि निर्जंतुक सामान होतं नर्स गेर्डा डिट्झेनच्या ताब्यात. ती म्हणाली माझ्यावर करा. पठ्ठ्याने तिला टेबलावर बांधलं आणि नळी घातली स्वतःच्याच हातात, मग तिला सोडून दोघं एक्स-रे काढायला गेले. त्याला 1956 मध्ये नोबेल मिळालं, तिचं नाव आता किती जणांना माहितीये?

बाळांमध्ये 1947 च्या सुमारास बोस्टनला डॉक्टर लुई डायमंडनी नाळेच्या शिरेतून नळी घालून रक्त बदलायला सुरुवात केली. मग 1967 मध्ये फिलाडेल्फियात आतडं जवळपास नसलेली एक मुलगी जन्मली, तिच्या गळ्याच्या शिरेत नळी घालून दुसरं टोक कातडीखालून नेऊन कानामागे बाहेर काढलं आणि डुड्रिक-विल्मोर ह्या डॉक्टरांनी सगळं पोषण त्यातून दिलं, जवळजवळ 22 महिने जगली ती. पण साखर-प्रोटीनचं ते पाणी जंतूंनाही आवडतं ना, म्हणजे प्रत्येक वेळी हब, म्हणजे नळीचं बाहेरचं तोंड, उघडताना धोका.

नळ्या नंतर खूपच बारीक झाल्या आणि कामं उलट वाढली. एक किलोच्या बाळाला 10 मिलीची सिरिंज का लावतात असं नातेवाईक विचारतात, तर लहान सिरिंजने दाब जास्त येतो आणि लाइन फुटू शकते.

2001 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलला डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्टनी लाइन टाकायची चेकलिस्ट आणली, मोठ्यांच्या आयसीयूत, आणि डॉक्टरने पायरी गाळली तर थांबवायचा अधिकार नर्सला दिला. हा माझ्या मते चेकलिस्टपेक्षा मोठा बदल. चेकलिस्ट बाळांसाठी मात्र जशीच्या तशी चालत नाही, कारण त्यातलं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक अगदी लवकर जन्मलेल्या बाळाची पातळ कातडी भाजू शकतं, म्हणून तिथे जपून, मोजकंच वापरतात आणि रोज राउंडला विचारतात, लाइन अजून लागतेय का, की काढायची?