७ मार्चच्या दोघी: पेर्पेतुआ आणि फेलिसिटी

संतांचा सण बहुधा त्यांच्या मरणाच्या तारखेला येतो. रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्यांच्या, बाबतीत चर्चने तोच त्यांचा खरा जन्मदिवस मानला. पेर्पेतुआ आणि फेलिसिटी या दोन रक्तसाक्षी स्त्रियांची ७ मार्च ही तारीख इ.स. ३५४ च्या रोमन पंचांगातही सापडते. पुढे त्याच दिवशी मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसचा सण आल्याने १९०८ मध्ये या दोघींना ६ तारखेला सरकावले गेले. १९६९ च्या कॅथलिक पंचांगाच्या फेररचनेत थॉमस २८ जानेवारीला गेला आणि यांचा दिवस यांना परत मिळाला.

घटना इ.स. २०३ ची, कार्थेजची, म्हणजे आजच्या ट्युनिशियातली. रोमन सम्राट सेप्टिमियस सेवेरसने ख्रिस्ती होण्यावर बंदीचे फर्मान काढले होते असे सर्रास सांगतात, पण अनेक इतिहासकारांना ते पटत नाही. ख्रिस्ती म्हणून पकडलेले बहुतेक जण बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या, तयारीत होते. विबिया पेर्पेतुआ खानदानी घरची, वय सुमारे २२, अंगावर पिणारे मूल. फेलिसिटी गुलाम, आठ महिन्यांची गरोदर.

पेर्पेतुआने तुरुंगात स्वतः लिहून ठेवले, म्हणून हे सारे इतक्या जवळून कळते. त्या काळातल्या ख्रिस्ती बाईच्या हातचे लिखाण जवळजवळ उरलेलेच नाही. बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा तुरुंग राजवाड्यासारखा वाटू लागला, असे ती लिहिते. वडील येऊन विनवतात, तिच्या हातांचे चुंबन घेतात, पायाशी लोळण घेतात. नवऱ्याचा मात्र अवाक्षरानेही उल्लेख नाही; त्याचे काय झाले असावे यावर अभ्यासक अजून तर्क लढवतात.

गरोदर बाईला देहदंड देण्यास रोमन कायद्याची मनाई होती. सोबत्यांना मरण येईल आणि आपण मागे राहू याचीच फेलिसिटीला धास्ती. कैद्यांना श्वापदांपुढे सोडणार होते त्या खेळांच्या आधी ती बाळंत झाली आणि मुलगी एका ख्रिस्ती बाईने वाढवली. सेवेरसचा मुलगा गेटा याच्या वाढदिवसाच्या खेळांत दोघींवर पिसाळलेली गाय सोडली गेली. शेवटी नवख्या ग्लॅडिएटरचा वार चुकला, तेव्हा पेर्पेतुआने त्याचा थरथरता हात धरून स्वतःच्या गळ्यावर नेला. हा शेवट अर्थातच दुसऱ्या कुणी लिहिला आहे, त्याचे नाव मिळत नाही.

आफ्रिकेतल्या चर्चमध्ये सणाला हा वृत्तांत वाचला जाई. आफ्रिकेतलाच बिशप असलेल्या संत ऑगस्टीनने त्या दिवशी दिलेली प्रवचने उपलब्ध आहेत. पेर्पेतुआला स्वप्नात दिसलेल्या धाकट्या मृत भावाचा दाखला देऊन एकाने धर्मसिद्धांताचा वाद घातला, तेव्हा हे पुस्तक म्हणजे पवित्र शास्त्र नव्हे, असे ऑगस्टीनला लिहून सांगावे लागले.