शंभर वर्षं दरड आली नाही, म्हणून घर सुरक्षित?

ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांत कोकणातल्या मूळ घराचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. समज घातक आहे. पुणे जिल्ह्यातलं माळीणही जुनंच गाव होतं. ३० जुलै २०१४ ला तिथे दरडीखाली दीडशेहून अधिक माणसं गेली. आजवर उतार टिकला, एवढंच जुनं घर सांगतं. रस्त्यासाठी पायथा कापला, पाण्याच्या वाटा बुजल्या, की हिशेब नव्याने मांडायचा: दरड सुटेल का, घरापर्यंत पोचेल का, भिंत तग धरेल का, आणि तेव्हा आत कोण असेल? भिंतीला दिवसरात्र सारखीच, माणसांना नाही. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड रात्री आली. उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडं कलली, झरा अचानक गढूळला, तर त्या घरात पावसाची रात्र काढू नका.