रील बिघडलेली नसते, दोरी चुकीची भरलेली असते
(गळ टाकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सोमवारी दुकान उघडलं की काउंटरवर दोन-तीन रील येतातच. तक्रार ठरलेली असते: "नवीच आहे, दुसऱ्या रविवारी गुंता झाला, बदलून द्या." उघडून पाहावं तर गिअर ठीक, बेअरिंग ठीक, ड्रॅगच्या (मासा जोरात ओढतो तेव्हा दोरी सोडणाऱ्या यंत्रणेच्या) चकत्या कोऱ्या. दोष दोरी भरण्यात असतो. ही गोष्ट दर वेळी तोंडाने सांगण्यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, म्हणून हा कागद छापला आहे. रीलच्या डब्यात ठेवून द्या. वाचून उरलेल्या शंका जरूर विचारा.

स्पिनिंग रीलमध्ये स्पूल, म्हणजे दोरीची चकरी, जागेवर असतो आणि रोटर त्याच्याभोवती फिरून दोरी गुंडाळतो. दोरीला पीळ बसण्याची जागा हीच. पीळ साठत गेला की सैल पडलेला तंगूस (एकेरी नायलॉनची दोरी) स्वतःभोवती वळतो, त्याचे जोडव्याएवढे फासे स्पूलच्या तोंडावर उभे राहतात आणि पुढच्या फेकीत पाच-सहा फासे एकदम निघून रॉडच्या पहिल्या रिंगमध्ये अडकतात. ग्राहक ज्याला "रील जॅम झाली" म्हणतात ते हेच.

चूक कुठे होते

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्पूल काठोकाठ भरणे. "पैसे दिले आहेत तर पूर्ण शंभर मीटर बसवा," असा आग्रह होतो. दोरी स्पूलच्या काठापासून दोन मिलिमीटर, म्हणजे जाड नाण्याएवढी, खाली राहिली पाहिजे. त्याच्या वर गेली की फेकताना हवी तेवढीच न निघता वळ्यांचा घोसच बाहेर पडतो. उलट पाच-सहा मिलिमीटर खाली राहिली तर निघताना काठावर घासते आणि फेक आखूड पडते. आम्ही दोन मिलिमीटरवर थांबतो आणि उरलेली दोरी, ज्यावर ती विकत येते त्या रिळासकट, तुमच्या हातात देतो. काही जणांना यात आम्ही दोरी वाचवतो असं वाटतं. उरलेला तुकडा तुमच्याकडेच असतो, मोजून बघा.

दुसरी चूक सैल भरण्याची. घरी टीव्ही बघत, दोरी चिमटीत न धरता रील फिरवली की खालचे थर भुसभुशीत बसतात. मासा लागून ताण आला की वरची दोरी त्या थरांत रुतते. ब्रेडेड, म्हणजे धाग्यांच्या विणलेल्या, दोरीला हे जास्त होतं, कारण ती बारीक आणि गुळगुळीत असते.

तिसरी चूक ब्रेडेड थेट धातूच्या स्पूलवर बांधण्याची. गाठ पक्की असली तरी अख्खं वेटोळं स्पूलवर गरगर फिरतं आणि वाटतं की ड्रॅग गेला. पारख सोपी आहे. ड्रॅग पूर्ण आवळा, दोरीचं टोक ओढा आणि स्पूलकडे बघा. स्पूल स्थिर आणि दोरीचं वेटोळं फिरतंय, तर ड्रॅग निर्दोष आहे. खाली तंगुसाचे आठ-दहा वेढे घालून त्याला ब्रेडेड जोडली की प्रश्न मिटतो.

घरी भरायचीच असेल तर

आधी दोरी रॉडच्या सगळ्यात खालच्या मोठ्या रिंगमधून आत घ्या. मग बेल, म्हणजे रोटरवरची ती अर्धगोल तार, उघडा, मगच स्पूलला गाठ मारा आणि बेल बंद करा. बेल बंद ठेवून बांधली तर हँडल फिरतं पण दोरी गुंडाळली जात नाही. असे फोन आम्हाला रात्री नऊलाही येतात. तंगुसाचं रीळ जमिनीवर आडवं ठेवा, लेबल वर. वीस वेढे भरून थांबा आणि दोरी सैल सोडा. ती स्वतःभोवती वळायला लागली तर रीळ पालथं करा, लेबल खाली. मग ओल्या सुती फडक्यात दोरी चिमटीने धरून सावकाश गुंडाळा. पकड एवढी हवी की रॉड किंचित वाकलेला दिसेल. फडकं कोरडं असेल तर घासून दोरी तापते. ब्रेडेडचं रीळ जमिनीवर न ठेवता भोकातून पेन्सिल घालून कुणाला तरी धरायला सांगा. ते ताणाखाली चाकासारखं फिरलं की पीळ बसत नाही.

दोरी घसरू नये म्हणून आठ-दहा वेढे पुरतात; स्पूल नीट भरायला किती तंगूस खाली घालायचा याचं गणित स्पूलवर छापलेलं असतं. समजा त्यावर 0.30 मिमी, 150 मीटर लिहिलं आहे. जाडीचा वर्ग गुणिले लांबी करा: 0.30 × 0.30 × 150 म्हणजे 13.5. तुमची ब्रेडेड 0.28 मिमी, 100 मीटर असेल तर 0.28 × 0.28 × 100 म्हणजे साधारण 7.8. उरले 5.7. याला 0.09 ने भागलं की 63. म्हणजे 0.30 चा तंगूस साठेक मीटर खाली, त्यावर ब्रेडेड, आणि सांध्याला दुहेरी युनी गाठ. जुना, पण न तुटलेला तंगूस या कामाला चालतो. त्यासाठी नवा विकत घ्या असं आम्ही सांगणार नाही.

आता सवयीची गोष्ट. फेक झाल्यावर बेल हाताने बंद करा, हँडल फिरवून नाही. बंद केल्यावर दोरी बोटाने एकदा ताणा, मग गुंडाळा. त्या दोन सेकंदांत सैल पडलेला पहिला फासा निघून जातो. आणि ड्रॅग किर्रर्र वाजत असताना हँडल फिरवू नका. तुमच्या रीलवर 5.2:1 लिहिलं असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर 5.2 वेळा फिरतो. दोरी आत येत नसताना मारलेल्या दहा फेऱ्या म्हणजे दोरीला बावन्न पीळ. मासा ओढत असेल तर ओढू द्या. तो थांबला की रॉड वर उचला, आणि रॉड खाली आणताना गुंडाळा.

पीळ बसलाच तर? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तंगुसाचं तसं नाही. गळ, शिसं, स्विव्हल सगळं काढा आणि नुसती दोरी कालव्याच्या वाहत्या पाण्यात साठ-सत्तर मीटर सोडून पाच मिनिटं राहू द्या. पाणी नसेल तर मोकळ्या मैदानात तेवढीच दोरी गवतावरून मागे ओढत चाला. पीळ टोकाकडून उलगडतो. मग ओल्या फडक्यातून परत भरा. ब्रेडेडचा गुंता मात्र कधीही ओढू नका, ओढलात तर कात्रीच लागते. सुईच्या टोकाने मधला फासा सैल करत सुटतो. धीर नसेल तर तसाच घेऊन या.

व्हिडिओतला बास आणि आपली मरळ

बरेच ग्राहक अमेरिकन बासचे व्हिडिओ बघून येतात आणि त्यातलंच सामान मागतात. बास हा तिकडचा मासा. आपल्या मालगुजारी तलावांत, बेशरमच्या झुडपांत आणि शिंगाड्याच्या वेलांत दबा धरून बसते ती मरळ. शिकारीची पद्धत मिळतीजुळती आहे, म्हणून फ्रॉग (रबरी बेडूक), स्पिनरबेट, रबरी मासोळी हे सगळे लूअर, म्हणजे नकली आमिषं, चालतात. फरक तोंडात आहे. बासच्या तोंडाला काचकागदासारखे बारीक दात असतात, त्यात अंगठा घालून त्याला उचलतात. मरळीचा जबडा हाडाचा आणि दात टोकदार. अंगठा घालू नका, मासा धरायची पकड वापरा. गळही जाड तारेचा हवा; बारीक तारेचा जबड्यावर आपटून सरळ होतो.

पहिला संच घेणाऱ्याला आम्ही हे देतो: साडेसहा ते सात फुटांचा मीडियम हेवी रॉड, 3000 मापाची स्पिनिंग रील आणि 30 पौंडी (तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड. रॉडवर लूअरचं वजन छापलेलं असतं, उदाहरणार्थ 10 ते 28 ग्रॅम. पाच ग्रॅमचा लूअर त्यावर फेकला जात नाही, साठ ग्रॅमचं शिसं बांधून झटका दिला तर टोक मोडतं, आणि असं मोडलेलं टोक वॉरंटीत बसत नाही. दाट वनस्पतीत फ्रॉगच चालवायचा असेल तर 40-50 पौंडी घ्या. मासा लागल्यावर पहिल्या तीन सेकंदांत तो वेलीतून बाहेर आला नाही तर बुंध्याला वळसा घालून बसतो.

व्हिडिओतली बेटकास्टिंग रील दिसायला देखणी असते आणि आम्हीही ती विकतो. पण पहिलीच रील म्हणून मागितली तर आधी स्पिनिंग दाखवतो. बेटकास्टिंगमध्ये स्पूल स्वतः फिरतो. लूअर पाण्यात पडल्यावरही तो फिरत राहिला की दोरीचं घरटं, म्हणजे मोठा गुंता, तयार होतं. घ्यायचीच असेल तर हँडलच्या बाजूचा छोटा नॉब एवढा आवळा की बटण दाबल्यावर लूअर सावकाश खाली येईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक पहिल्या दिवशी जवळजवळ पूर्ण ठेवा, अंगठा स्पूलवर हलका टेकलेला ठेवा आणि लूअर 12 ग्रॅमच्या खाली नेऊ नका.

फ्रॉगवर मरळ झडप घालते तेव्हा आवाज मोठा होतो आणि हात आपोआप वर जातो. तिथेच मासा सुटतो. रॉडचं टोक खाली करा, एक-दोन मोजा, सैल दोरी आत घ्या, फ्रॉग खाली गेल्याचं जाणवलं की दोन्ही हातांनी जोरात वर. तरीही गळ बसत नसेल तर फ्रॉगचे दोन्ही काटे पक्कडीने किंचित बाहेर वाकवा. फार वाकवले तर वेलीत अडकतील. पोटात पाणी गेलं की फ्रॉग बुडायला लागतो. अधूनमधून दाबून पाणी काढा.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी बारीक पिल्लांचा थवा उकळी फुटल्यासारखा दिसतो. खाली आई-बाप राखण करत असतात आणि त्या रागात कशावरही झडप घालतात. तिथे लूअर टाकू नका. राखणदार गेला की इतर मासे तो थवा संपवतात आणि पुढच्या वर्षी त्या काठावर मरळ मिळत नाही, अशी तक्रार घेऊन तुम्ही आमच्याकडेच येता.

रोहू-कटल्याचं थोडक्यात. 4000 ची रील, 0.35 तंगूस, 20 ते 40 ग्रॅमचं सरकतं शिसं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी; त्याप्रमाणे फ्लोटची उंची ठेवा. ढेपेचा गोळा पाण्यात दहा-बारा मिनिटांत विरघळला पाहिजे. दगडासारखा राहिला तर मासे जवळ येत नाहीत. या माशांची तोंडं मऊ असतात, ड्रॅग सैल हवा.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. सामान तोलण्याचा छोटा काटा दोरीच्या टोकाला अडकवा, रॉड तिरपा धरा आणि ओढा. तंगुसावर सहा किलो लिहिलं असेल तर ड्रॅग दीड ते दोन किलोवर सुटला पाहिजे. 30 पौंड म्हणजे 13.6 किलो, ब्रेडेडला साडेतीन-चार किलो पुरे. गाठ ब्रेडेडला पालोमार मारा, आवळण्याआधी थुंकीने ओली करा. तंगुसाची नेहमीची पाच वेढ्यांची गाठ ब्रेडेडवर घसरते.

उन्हाळा, तेल आणि परवानगी

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, सामान गाडीच्या डिकीत ठेवू नका. रबरी लूअर विरघळून डब्याला चिकटतात, आणि तंगूस उन्हाने आतून कमकुवत होतो. बाहेरून दिसत नाही, मोठा मासा लागल्यावर कळतं. रबरी लूअर त्यांच्याच पाकिटात ठेवा; कडक प्लॅस्टिकच्या लूअरसोबत ठेवले तरी रसायनाने लोळागोळा होतात. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून राहतात.

रीलवर गंज काढण्याचा फवारा मारू नका. तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. लाइन रोलरवर (बेलच्या टोकाशी दोरी ज्यावरून सरकते त्या चाकावर) एक थेंब, हँडलच्या मुठीत एक थेंब हलकं तेल, बस. रोटरखाली तेल गेलं तर एकतर्फी बेअरिंग घसरतं आणि हँडल उलटं फिरायला लागतं. मग रील पूर्ण उघडावी लागते आणि खर्च तुम्हाला येतो.

बहुतेक तलाव आणि जलाशयांची मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. काठावर बसण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा. ढिवर बांधवांची जाळी लागलेली असतील तिथे लूअर फेकू नका. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे. त्यासाठीचं सामान आमच्याकडे विचारू नका. आणि कार्बनचा रॉड विजेच्या तारेखाली उभा करू नका, त्यातून वीज वाहते.

आमच्याकडे आणताना

दोरी आमच्याकडून घेतली तर भरून देण्याचे पैसे नाहीत. बाहेरून आणलेली भरायला 60 रुपये. तंगुसाखाली जोडणी, सांध्याची गाठ आणि ड्रॅगची काट्यावर तपासणी त्यातच येते. एका रीलला वीस मिनिटं लागतात, घाई करून चालत नाही. रीळावरून कापलेली दोरी परत घेतली जात नाही. "रील बिघडली" म्हणून आणाल तेव्हा गुंता न कापता, जसा आहे तसाच, रॉडसकट आणा. गुंता कापून स्वच्छ रील आणली तर कारण सांगता येत नाही. शनिवारी संध्याकाळी सहानंतर दोरी भरून मिळणार नाही. रविवारी जायचं असेल तर शुक्रवारपर्यंत ठेवून जा.