आधी लाईन, मग मशीन: बंद कम्प्युटरच्या तपासणीमागचा इतिहास

"कम्प्युटर चालूच नाही होऊन राहिला, भाऊ." विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. दुकानदाराचा क्रमही ठरलेला असतो: आधी लाईन म्हणजे वीजपुरवठा, मग एसएमपीएस (त्या विजेचं रूपांतर करून यंत्राला पुरवणारा भाग), मग रॅम (कामापुरती स्मृती), मग सेल (बोर्डावरची छोटी बॅटरी). विंडोजची पाळी शेवटी. बाकीच्या पायऱ्या यंत्राच्या इतिहासातून आल्या. लाईनला पहिला नंबर इथल्या विजेने दिला.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. बटण दाबलं की आधी स्वतःचे अवयव तपासायचे आणि मगच कामाला लागायचं, अशी सोय त्यातल्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताच चालणाऱ्या बोर्डावरच्या पक्क्या प्रोग्राममध्ये, होती. पण पडदाच बंद असेल तर बिघाड कळवायचा कसा? त्यासाठी आवाज. एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक, एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्लेची भानगड. पुढे आयबीएमसारखी यंत्रं इतरांनीही बनवायला घेतली. त्यांच्यासाठी फिनिक्स, अवॉर्ड, अमी अशा कंपन्यांनी आपापले बायॉस लिहिले आणि बीपची भाषा फाटत गेली. तरी अवॉर्डवाल्या मदरबोर्डाची पुन्हा पुन्हा येणारी लांब बीप ऐकली की जुना कारागीर बोर्डाकडे न पाहताच "रॅम" म्हणतो. रॅम काढायची, सोनेरी कडा खोडरबरने पुसायची, परत घट्ट बसवायची. उपाय पोरकट दिसतो, पण खरा आहे. धूळ आणि दमटपणामुळे तिथला संपर्क बिघडतो. आपल्याकडे एप्रिल ते जून कम्प्युटरच्या खोलीत पाण्याचा कूलर लावतात आणि त्याचा झोत बऱ्याचदा थेट डब्यावर, म्हणजे कॅबिनेटवर असतो, हे इथे सांगायलाच हवं.

सेलची गोष्ट १९८४ ची. यंत्रात काय काय जोडलंय हे तोवर बोर्डावरचे बारीक खटके वरखाली करून सांगावं लागे. त्या वर्षीच्या आयबीएम एटीमध्ये ही माहिती आणि घड्याळ बॅटरीवर टिकू लागलं. नंतर ती जागा नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सीआर२०३२ सेलने घेतली. सेल उतरला की तारीख मागे जाते. पूर्वी लोक एफ-१ दाबून पुढे जात आणि विसरून जात. आता तसं जमत नाही. तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र खोटं वाटतं, सातबाऱ्याचं पान उघडत नाही, आणि चालक इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसतो.

१९९५ मध्ये इंटेलने बोर्ड आणि एसएमपीएसची एटीएक्स ही नवी रचना आणली, आणि 'डेड' यंत्राचं निदान खरं अवघड झालं ते तिथून. त्याआधीचा खटका थेट वीज तोडायचा किंवा जोडायचा. एटीएक्सचं बटण नुसतं बोर्डाला सांगतं आणि बोर्ड एसएमपीएसला उठवतो. ५ व्होल्टचा एक झरा तर बंद असतानाही चालू असतो. त्यामुळे बटण दाबून काहीच झालं नाही, तर दोष बटणाचा, बोर्डाचा की एसएमपीएसचा हे बाहेरून कळत नाही. म्हणून एसएमपीएसचा बोर्डाला जाणारा मोठा कनेक्टर सोडवून त्यातली हिरवी तार काळीला जोडायची पद्धत पडली. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निदान जिवंत आहे. भार पेलेलच याची मात्र खात्री नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. व्होल्टेज स्थिरावल्याचा इशारा एसएमपीएसकडून आल्याशिवाय प्रोसेसर हलतच नाही.

आता लाईन. एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला, तालुक्या-तालुक्यात कम्प्युटरचे वर्ग निघाले. २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्पाने ग्रामपंचायतीत संगणक नेला. नेमकी हीच भारनियमनाची वर्षं. लाईन जाताना यंत्राला फारसं काही होत नाही, परत येताना बसणारा झटका वाईट. त्यात रब्बीत हरभऱ्याला, वरुड-मोर्शीकडे संत्र्याला पाणी सुरू झालं आणि मोटारी एका दमात चालू झाल्या की व्होल्टेज बसतं. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळाच. तेच यंत्र तालुक्याला नेलं की पहिल्या झटक्यात सुरू! अशा वेळी दुकानात काही सापडत नाही, कारण दोष गावात राहिलेला असतो. तिथे व्होल्टेज मोजायचं मीटर लावून पाहिल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं.

अर्थिंगचंही तसंच. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची माती कोरडी पडते. अर्थ नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे डब्याच्या पत्र्याला करंट जाणवतो. लोक म्हणतात "कम्प्युटर शॉक मारते" आणि एसएमपीएस बदलतात. बऱ्याचदा खड्ड्यात कोळसा, मीठ आणि बादलीभर पाणी घालायची गरज असते.

२००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट रसायन भरलेले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे भाग) जगभरच्या बोर्डांवर फुगले. डबा उघडल्याबरोबर प्रोसेसरभोवती नजर टाकायची सवय तेव्हापासूनची. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, म्हणून ४५ अंशांच्या गावात ही सवय अजून सोडू नये.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि घरगुती यंत्रांत जुन्या बायॉसची जागा तेच काम करणाऱ्या नव्या यूईएफआयने घेतली. बऱ्याच नव्या बोर्डांसोबत छोटा स्पीकर येतच नाही. काहींवर सीपीयू, रॅम, डिस्प्ले अशा नावांचे बारीक दिवे असतात, स्वस्त बोर्डांवर तेही नसतात. पण स्पीकरच्या चार पिना बहुतेक बोर्डांवर अजून आहेत. त्यामुळे जाणता कारागीर जुन्या डब्यातून काढलेला बझर जवळ ठेवतो, नव्या बोर्डाला लावतो आणि मग रॅमला हात घालतो.