वाहनातील जादा पॉवर सॉकेट

मोबाइल, डॅशकॅम (रस्त्याचे चित्रण करणारा गाडीतला कॅमेरा), लॅपटॉप, छोटा पंखा अशा उपकरणांसाठी कंपनीने दिलेल्या सॉकेटखेरीज गाडीत बसवून घेतलेली वीजजोडणी. सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे मुळात सिगारेट लायटरसाठी असलेले १२ व्होल्टचे गोल सॉकेट. त्याचे मधले टोक पॉझिटिव्ह आणि कडेची नळी निगेटिव्ह असते. अलीकडे थेट यूएसबी सॉकेटही बसवतात. त्यात १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारे सर्किट आतच असते.

सोलापुरात राष्ट्रीय महामार्ग ६५ (पुणे-हैदराबाद) आणि ५२ (विजापूरकडे जाणारा) एकत्र येतात. शिवाय पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या भाविकांची भाड्याच्या गाड्यांतून सतत ये-जा असते. चालकाचा एक मोबाइल नकाशा दाखवतो, दुसऱ्यावर मालकाचे फोन येतात आणि मागच्या सीटवरच्यांनाही चार्जिंग हवेच असते. एक सॉकेट कुठे पुरणार?

सॉकेट बसवणे हे अर्ध्या तासाचे काम. वीज कुठून घेतली, यावर पुढचे सारे ठरते. लायटरच्याच वायरला जोड मारून वर टेप गुंडाळणे ही सर्रास चालणारी पद्धत आहे, आणि ती वाईट आहे. ती वायर आणि तिचा फ्यूज एकाच सॉकेटच्या हिशोबाने दिलेले असतात. भार वाढला की फ्यूज उडतो. मग कोणीतरी तिथे मोठा फ्यूज टाकतो आणि खरा धोका तिथून सुरू होतो. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. १० अँपिअरचा लाल फ्यूज काढून ३० चा हिरवा घातला, तर आधी वायर तापते आणि फ्यूज शाबूत राहतो.

नीट काम करायचे तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून स्वतंत्र वायर ओढतात. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच लावतात, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर तिला कोणी वाली नसतो. वायर इंजिनकडून केबिनमध्ये शिरते तिथे पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू न देणारी कडी, हवीच. समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून वायर नेताना ती पडदा एअरबॅगच्या (धडकेत खिडकीवर पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग) आड येऊ देत नाहीत. मधे इग्निशनवर चालणारा रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) टाकला, की चावी काढल्यावर सॉकेट बंद होते.

डॅशकॅम मात्र अनेकांना गाडी उभी असतानाही चालू हवा असतो. साधारण ५ वॉटचा कॅमेरा ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसभरात सुमारे १० अँपिअर-तास. छोट्या कारची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपासची. दोन-तीन दिवस गाडी हलली नाही, तर सेल्फ लागत नाही. बॅटरीचा व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेला की कॅमेरा बंद करणारे किट त्यासाठीच मिळते. सोलापूरच्या मे महिन्यात तापमान चाळिशीपार असते आणि बंद गाडीची काच-डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापते. अशा ठिकाणी लिथियम बॅटरीचा कॅमेरा फुगतो, बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता सोसणारा भाग) असलेला टिकतो.

लॅपटॉपसाठी २३० व्होल्टचा इन्व्हर्टर घेण्याची गरज आता फारशी उरलेली नाही. १५० वॉटचा भार टाकला तर इन्व्हर्टर घट धरून १४ अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे १० अँपिअरचा फ्यूज उडालाच. टाइप-सी पॉवर डिलिव्हरीचा ६५ वॉटचा कार चार्जर तेच काम निम्म्याहून कमी करंटमध्ये करतो.

मोठ्या ट्रकची गोष्ट वेगळी. तिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. चार्जर किंवा म्युझिक सिस्टिम १२ व्होल्टची असली की दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून लाइन काढायची, हा जुना सोपा जुगाड. त्यात ती बॅटरी रोज जास्त उतरते. अल्टरनेटर मात्र दोघींना एकत्रच चार्ज करतो, त्यामुळे एक कायम अर्धवट भरलेली आणि दुसरी जादा चार्ज होऊन पाणी आटलेली, असे होते. शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावला की हा प्रश्न मिटतो. निव्वळ मोबाइलसाठी २४ व्होल्टवर चालणारा चार्जरही पुरतो.

दुचाकीवर हँडलजवळ यूएसबी सॉकेट बसवतात. बॅटरी लहान, म्हणून ते चावीवरच घेतात आणि पावसासाठी रबरी झाकण पाहून घेतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या अँप्लिफायरचा भार मात्र सॉकेटच्या आवाक्यातलाच नाही. त्याला बॅटरीपासून जाड केबल आणि स्वतःचा फ्यूज लागतो.