मॅगव्हीलवर पूड चिकटते तरी कशी?

चार-पाच पावसाळे काढले की मॅगव्हीलची, म्हणजे गाडीच्या मिश्रधातूच्या ओतीव चाकांची, रया जाते, फुटपाथला घासलेल्या कडा, ब्रेकची काळी धूळ आणि लॅकरखालून वर आलेले पांढरे फोड. मग कुणीतरी सांगतंच, पावडर कोटिंग करून टाक, जन्मभर बघायला नको. जन्मभर वगैरे काही नसतं हो, पण प्रकरण भारी आहे आणि त्यातलं अर्धं विज्ञान आपण शाळेत केलंय, डोक्याला कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचो ना, तेच.

यात पातळ रंग नसतोच. पॉलिएस्टरसारख्या रेझिनमधे (प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ) रंग मिसळून केलेली कोरडी पूड असते, कण साधारण ३० ते ५० मायक्रॉनचे. पूड फवारणाऱ्या गनच्या टोकाला ६० ते १०० किलोव्होल्ट असतात (करंट मात्र मायक्रोअँपियरमधे, म्हणून गन धरणारा सुखरूप असतो), तिथून जाताना पुडीवर चार्ज बसतो आणि अर्थिंग दिलेल्या चाकाकडे ती ओढली जाते, थोडीफार तर वळून मागच्या बाजूलाही जाऊन बसते. आता गंमत बघा, चाक ज्या हुकाला टांगतात त्याच्यावर आधीच्या कामांचे थर चढलेले असतील तर अर्थिंग गेलंच, मग पूड नीट धरत नाही. दुकानात गेलात तर आधी हुक बघा, रंगाचं शेडकार्ड नंतर.

पुडीला खरा त्रास होतो तो स्पोकमधल्या खोबणीत. मायकेल फॅरडेने १८३६ मधे दाखवलं होतं की धातूच्या पिंजऱ्यात बाहेरचं विद्युतक्षेत्र शिरत नाही, वीज पडली तरी गाडीत बसलेला माणूस वाचतो तो याच कारणाने. तेच इथे आडवं येतं, पूड खोबणीच्या कडांवर जमते आणि आतला कोपरा उघडा राहतो. मग मुरलेला कारागीर व्होल्टेज कमी करतो किंवा चाक आधीच गरम करून घेतो.

यानंतर भट्टी, साधारण १८०-२०० अंशांना १० ते २० मिनिटं. पूड वितळते, पसरते आणि मग तिचे रेणू एकमेकांत गुंफून घट्ट होतात. तूप वितळतं आणि परत थिजतं तसं हे नाही, हे उकडलेल्या अंड्यासारखं, पुन्हा तापवलं तरी पातळ होत नाही. फक्त ती मिनिटं मोजायची धातू तेवढा तापल्यापासून, भट्टीचा काटा २०० वर गेल्यापासून नाही, कारण चाकाच्या मधला जाड भाग तापायला वेळ घेतो. ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत अडकलेला वायू पण याच वेळी बाहेर येतो आणि कोटिंगमधे टाचणीएवढी भोकं पाडतो. त्यावर उपाय म्हणजे पूड मारायच्या आधी एकदा कोरडंच भाजून घेणं.

आता मला खरी काळजी वाटते ती पुढची. बरीच मॅगव्हील ए३५६ नावाच्या मिश्रधातूची असतात, ॲल्युमिनियममधे सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. कारखान्यात ती १५५-१७० अंशांच्या आसपास काही तास ठेवून मजबूत करतात, तेव्हा आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. जास्त तापमानाला जास्त वेळ ठेवलं की तेच कण फुगतात आणि चाक मऊ पडतं. एकदा नीट केलेलं कोटिंग सहसा चालून जातं, पण जुना रंग ३५०-४०० अंशांना जाळून काढतो असं कुणी म्हणालं तर चाक उचला आणि घरी या. केमिकलने किंवा बारीक ब्लास्टिंगने (हवेच्या जोराने बारीक कण मारून) काढा म्हणावं.

घरी करायचं का? ब्रॅकेट, छोटे पार्ट जरूर करून बघा. १६ इंची चाक ओटीजीत मावतच नाही, आणि ज्या ओव्हनमधे एकदा पूड भाजली त्यात नंतर नानकटाई करायची नाही म्हणजे नाही. शिवाय हवेत उडालेली बारीक पूड ठिणगीने पेट घेते, त्यामुळे गॅस, शेगडी, देवाजवळचा दिवा जवळपास नको, मास्क हवाच.

चाक देताना टायर, व्हॉल्व्ह आणि असेल तर प्रेशर सेन्सर काढून द्या. आणि नट जिथे बसतात त्या जागा आणि गाडीच्या हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) टेकणारा भाग मास्किंग करून, म्हणजे झाकून, कोराच ठेवायला सांगा, कारण तिथे कोटिंगचा थर राहिला तर तो नटाच्या दाबाने हळूहळू चेपतो आणि नट ढिले होतात. बसवल्यावर ५०-१०० किलोमीटर चालवून टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायचा पाना) सगळे नट परत एकदा बघून घ्या, टायरवाला नको म्हणाला तरी.